तुळशीरामच्या मासळीवरचा उजेड

गुणाबाई करंजाची कोळीण. दुपारी धक्क्यावरच्या लिलावात म्हावरं उचलायचं आणि दिवेलागणीला पनवेलच्या बाजारात विकायला बसायचं, यात तिची तीस वर्षं गेली. शेजारी तुळशीराम बसायचा.

२०१२ साली खांदा कॉलनीतल्या विनिताताईंचं सगळं घर मासळी खाऊन आजारी पडलं. त्यांनी तुळशीरामकडून सुरमई नेली होती, गुणाबाईकडून कोळंबी. ताई तावातावाने जाब विचारायला आल्या, तर गुणाबाईने तोंड उघडायच्या आत तुळशीराम म्हणाला, "सुरमई ताजी होती ताई. कोळंबी कुणाकडनं घेतलीत ते बघा."

आदल्याच दिवशी गुणाबाईने त्याला शिळ्या सुरमईच्या कल्ल्यांना लाल रंग चोळताना पाहिलं होतं. शेजारधर्म म्हणून ती गप्प राहिली होती. आता सांगितलं तर कोण ऐकणार? कॉलनीची गिऱ्हाइकं तुटली. कित्येक महिने ती भरल्या पाट्या घेऊन घरी गेली. जावेला म्हणायची, "मी गप ऱ्हायले ना, तेच मना खातंय. त्याला भर बाजारात उघडा करीन, तवाच झोप लागंल."

चार वर्षं गेली. वीज कार्यालयात स्वस्तात एलईडी बल्ब मिळू लागले. गुणाबाईने एक आणून स्वयंपाकघरात लावला आणि त्याच्याखाली बांगडे साफ करायला घेतले. पांढऱ्या उजेडात डोळा न् कल्ला जसाच्या तसा दिसत होता. ती एकटीच हसली.

बाजारात शंभर वॅटचे पिवळे बल्ब होते. तुळशीरामने आपल्या बल्बवर लाल प्लॅस्टिकची टोपीही चढवली होती. त्या उजेडात आठवड्याची मासळीसुद्धा टवटवीत दिसायची.

गुणाबाईने सगळ्या बायकांना जमवलं. "नवे बल्ब लावू, बिल निम्मं येईल." सगळ्या तयार झाल्या.

"माझा राहू दे," तुळशीराम म्हणाला. "मला पिवळाच बरा."

"बाजाराचं बिल एक हाय, तर दिवे पन एकच."

वायरमनने बल्ब बदलले. लाल टोपी मात्र गुणाबाईने स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने काढली. विनिताताईंना तिने आधीच निरोप धाडला होता. त्या आल्या तशी म्हणाली, "माझ्याकडचं नको. आज त्याच्याकडचं बघा."

रावसाचे डोळे दुधासारखे झाले होते. बर्फावरून गुलाबी पाणी ओघळत होतं. ताईंनी कल्ला उचलला, बोट लाल झालं. त्यांनी ते बोट आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना दाखवलं.

गुणाबाई उठून उभी राहिली. "तवा कुनाचं म्हावरं नासकं होतं? आता सांग, समद्यांसमोर."

"बाई, पोटावर मारू नको," तो पुटपुटला.

"माझं पोट दिसलं होतं का तुला?"

त्याची मासळी त्याच संध्याकाळी खड्ड्यात गेली. महिनाभराने त्याची जागाही गेली. त्याची बायको शशिकला जागा परत मिळावी म्हणून करंजाला येऊन रडली. गुणाबाईने तिला पाणी दिलं, शब्द दिला नाही.

नव्या उजेडात गुणाबाईचे शिळे बोंबीलही उघडे पडायला लागले. गिऱ्हाईक डोळा बघून घासाघीस करू लागलं. आदल्या दिवसाचा माल आता तिलाही फेकावा लागतो. जाऊ म्हणाली, "आपलं पन नुकसानच झालं की."

"होऊ दे," गुणाबाई म्हणाली. "त्याचं जास्त झालं."