नवसाची धार

धाकट्या भावाची दारू सोडवायला मी काय काय केलं, हे मला कुणी विचारू नये. माझं डोकंच फिरतं. आधी गोळ्या झाल्या. मी समोर उभी राहून द्यायचे आणि हा पठ्ठ्या जिभेखाली धरून मागच्या दारी थुंकून यायचा. मग शहाद्याच्या बाजारात एकाने भुकटी दिली. "ताई, वरनमा टाकी दे, त्याले कळाव बी नही." कळाव नही म्हणे! पहिल्याच घासाला कळलं आणि ताट भिंतीवर गेलं. मग गळ्यात माळ घातली. आमच्याकडे माळ घातली की माणूस दारू-मटण सोडून भजनाला बसतो. हाही बसला काही दिवस. मग एका सकाळी माळ खुंटीला अडकवून गुत्त्यावर गेला. माळ घालून पिणं बरं दिसत नाही म्हणाला. हसू की रडू, सांगा.

त्यानंतर त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, यापुढे थेंबही चालणार नाही, प्यायला तर वाचणार नाही.

मी म्हसावदला शाळेत शिकवते. अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या नादी लागू नका, दवाखान्यात जा, असं पोरांना घसा कोरडा करून सांगते. आणि मीच भावाला घेऊन वर सातपुड्यात, आमच्या मूळ पाड्यावर, बडव्याकडे गेले. बडवा म्हणजे आमच्यात देवाशी बोलणारा आणि झाडपाला देणारा माणूस. त्याने सुपात दाणे टाकून पाहिले, एक मुळी उगाळून पाजली आणि मला म्हणाला, नवस बोल. आमच्यात नवस बोलतात तो कोंबड्याचा आणि मोहाच्या दारूच्या धारेचा. आई तसाच बोलत आली, तिची आईही. माझ्याही तोंडून तेच निघालं. माझ्या भावाची दारू सुटू दे देवा, तुला कोंबडा देईन, मोहाची धार देईन. आपण काय बोलतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही, आणि बडव्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि सुटली की हो! बडव्याने त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. तलफ आली की दोघं रानात चालत सुटायचे ते पार थकेपर्यंत. मुळीने गुण दिला की त्या चालण्याने, कुणास ठाऊक. त्याच्या हातांची थरथर थांबली. होळी गेली, आंबे संपले, पेरणी झाली, त्याने थेंब घेतला नाही. घरी आला तेव्हा आई त्याचे दंड चाचपून बघत होती. मी चुलीपुढे बसून रडले.

मग आईने धोशा लावला, नवस फेडा. न फेडलेला नवस उलटतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भात कापून झाल्यावर आम्ही तिघं वर गेलो. बाटली माझ्याच पिशवीत होती. देवापुढे बूच काढलं तेव्हा वासाने त्याच्या नाकपुड्या हलल्या. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कोंबडा झाला. धार त्यानेच ओतली, कारण ज्याच्यासाठी नवस असतो त्यानेच ती ओतायची. उरलेल्यातला पहिला घोटही त्यानेच घ्यायचा, तो देवाचा वाटा. बडव्याने पळसाच्या द्रोणात ओतलं खरं, पण त्याचाही हात अडला. माझ्याकडे वळून म्हणाला, "नवस तू बोललीस. तूच सांग."

भावाने हात मागे धरले होते. मला म्हणाला, "बाई, घेऊ का?" मी मोठी, म्हणून तो मला बाई म्हणतो.

नुसतं कपाळाला लाव, एवढंच म्हणायचं होतं मला. तीन शब्द. पण आई माझ्याकडे बघत होती, देव समोर होता, आणि मला भीती वाटली. सगळं शिक्षण गेलं चुलीत. देव उलटला तर? इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं तर?

मी म्हणाले, "घे. एकच घोट. देवाची आहे."

आठ दिवसांत तो गुत्त्यावर दिसला. आता पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत. कुणी सांगतं गुजरातेत एक वैद्य आहे, कुणी सांगतं चिंचपाड्याकडे प्रार्थनेला न्या. मी कुठेही नेईन हो, उचलून नेईन. तोच खाटेवरून उठायला तयार नाही. काल माझा तोल सुटला. ओरडले, "मेल्या, माझं ऐकत जा रे एकदा तरी!"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही.

"ऐकलं ना, बाई," म्हणाला. "तू घे म्हणालीस, मी घेतली."