दुसऱ्याच मामाचा फोटो

आमच्या समोरच्या गाळ्यात इस्त्रीवाली मावशी होती. कोळशाची इस्त्री गेली, विजेची आली, मावशी तिथंच. कॉलरला चुकून घडी पडली तर गिऱ्हाइकाच्या आधी तिच्याच जिवाला लागायची. तिचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा, कपडे घरपोच करायचा. एके दिवशी शेवटचं गाठोडं पोचवलं, सायकल त्याच गिऱ्हाइकाच्या दाराशी ठेवली, आणि गेला तो गेलाच.

मावशीच्या लेकीनं सासरहून, फोनवर ते हरवलेल्या माणसांचं पान असतं ना, त्यावर त्याचा फोटो चढवला. फोटोला नाव दिलं ‘मामा’, पुढं ते ‘आणि’चं इंग्रजी वेटोळं, पुढं ‘सायकल’. मग त्या फोटोचा पत्ता, लिंक म्हणतात ती, हातानं टाइप करून आईला पाठवला. मावशीनं तो, खाली स्वतःचा नंबर घालून, ओळखी-अनोळखी सगळ्यांना पाठवला. स्वतः मात्र एकदाही उघडला नाही. म्हणायची, "त्याचं तोंड बघितलं की माझा हात इस्त्रीखाली जाईल."

आणि फोन यायला लागले. "बघितला हो तुमचा माणूस. बसथांब्यावर होता. पांढरी दाढी, कपाळावर वण." दुसरा म्हणाला, नदीकाठी दिसला. तिसरी बाई म्हणाली, आमच्या जिन्यात बसला होता, पाणी दिलं तर नको म्हणाला. सगळे दाढी सांगायचे, वण सांगायचे.

आता भाऊ तर रोज घोटून दाढी करणारा. पण मावशीच्या मनानं हळूहळू त्याला दाढी लावली. कुणी मारलं असेल गं, मला म्हणायची, म्हणून वण. शर्ट इस्त्री करता करता मान वर करायची, रस्त्यापलीकडं टक लावायची. मी विचारलं, "कोण आहे?" तर म्हणाली, "तोच. आता दाढीतच दिसतो मला."

मग एकजण फोनवर बोलून गेला, "अहो, फोटोत आहे तश्शीच दाढी."

मावशीनं इस्त्री उभी केली. लेकीला बोलावून घेतलं. लेकीनं आईच्या फोनवर तो पत्ता उघडला. फोटो भलत्याच म्हाताऱ्याचा.

"आई, ते वेटोळं मी उघडंच ठेवलं. पत्त्यात ते दिसलं की यंत्राला वाटतं एक गोष्ट संपली, दुसरी लागली. त्यानं नुसतं ‘मामा’ वाचलं. त्या नावाचा फोटो आधीच कुणीतरी ठेवलेला होता."

"मग गं?"

"ते झाकायचं असतं. त्याच्या जागी टक्क्याची खूण, मग दोन, मग सहा. मग ते नावातच राहतं."

लेकीनं पत्ता नीट केला, पुन्हा सगळ्यांना पाठवला. पण मावशीच्या मनातून तो म्हातारा जाईना. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल, म्हणून ती त्याच्या फोटोखालच्या नंबरावर बोलली. त्याची बहीण निघाली.

"तुमचा भाऊ लोकांना दिसलाय," मावशी म्हणाली. "बसथांब्यावर, नदीकाठी."

ती बाई म्हणाली, "तो सापडला होता, बाई. माझ्याच मांडीवर गेला. वर्षं झाली. डोळे मीच मिटले त्याचे. फोटो तेवढा काढवत नाही."

"मग इतक्या लोकांना दिसला तो कोण?"

"दिसतो लोकांना. आपण एवढं विचारतो ना, मग दिसतो. मलाही दिसायचा."

त्या दिवशी मावशी शर्टाच्या बाह्या दोन-दोनदा दाबत बसली.

मग भर दुपारी एक फोन आला. माणूस म्हणाला, सायकलवाला ना? बघितला. गिरणीमागच्या वाटेवर, चौकडीचा शर्ट, दाढी केलेली.

अगदी खात्रीनं बोलत होता. आधीचे बोलायचे तसाच.

"जाऊ का गं?" मावशीनं मला विचारलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, इस्त्रीचं बटण बंद केलं, आणि गिऱ्हाइकाचे कपडे तसेच टाकून गिरणीकडं चालू लागली.