आजारी रोपांना भेटायला सौंसरला

नागपूरच्या कॉन्व्हेंटात मधल्या सुट्टीत सुशी आणि मी एकच टमाटर मीठ लावून अर्धं अर्धं खायचो. रस युनिफॉर्मवर सांडला की शिक्षा दोघींनाही व्हायची. टमाटर सुशीच्या सौंसरच्या मळ्यातलं, चपटं आणि आंबटढाण. त्याचं बी मी नागपुरात गच्चीवर आजवर जपलं. तिच्याकडचं मात्र केव्हाच संपलं. यंदा मी तिला अर्धी पुडी पाठवली. महिन्याभरात फोन आला, "तुही रोपं आजारी पडली वं. येऊन पाहून जाय."

उरलेली पुडी पर्समध्ये टाकली आणि निघाले. तुम्हीही जाणार असाल तर सकाळची बस घ्या. सावनेरला तर्री-पोहे खा, तर्री मात्र बेतानं. पुढे दोन्हीकडे कपाशी आणि संत्र्याच्या बागा. जामसांवलीच्या मारुतीला निघालेली एक बाई माझ्या मांडीवर नारळ ठेवून सौंसर येईपर्यंत गाढ झोपली होती.

सुशीच्या अंगणातल्या वाफ्यात पानापानावर काळे ठिपके, भोवती पिवळी कड. तिची सून वर्षा पांढुर्ण्याला रोपवाटिकेत कामाला जाते. तिनं सरळ विचारलं, "मावशी, बी चांगल्या फळांचंच धरलं होतं ना?"

"काहींवर डाग होते. तेवढे कापून टाकले होते."

"डाग गेला, पण जंतू बियाले चिकटून आला. आधी दोन-चार रोपं आजारी पडतात, मग वरून पाणी टाकलं का शिंतोड्यानं बाकीची."

"पण हा तर पार दुसऱ्या टोकापर्यंत पोचलाय!"

तेवढ्यात सुशीनं झारीनं पाणी घातलं आणि ओल्या शेंड्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मायेनं तळहात फिरवला.

"आई! हेच तर करून राहिल्या तुम्ही रोज!"

"लेकरंच हायेत. हात नाही फिरवू?"

"ओल्या पानावरून आजार तुमच्या हातानंच पुढं जाते."

सुशीनं हात पदराखाली लपवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बी तुहं, हात माहा. आताही दोघीच सापडलो."

वाफा उपटून जाळला. आम्हा दोघींकडे त्या टमाटराचं बी आता फक्त माझ्या पर्समध्ये होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बसनं पांढुर्णा. रोपवाटिकेत वर्षानं बियांची पुरचुंडी गरम पाण्यात सोडली: पन्नास अंश, पंचवीस मिनिटं. पाणी जास्त तापलं तर बी मरतं, कमी तापलं तर जंतू जगतो. ती थर्मामीटरवरून नजर हलवेना. सुशी आणि मी बाकावर परीक्षेच्या निकालाला बसल्यासारख्या. परतीची रेल्वे पांढुर्ण्याहूनच मिळते. येण्याजाण्याचं भाडं तीनशेच्या आत; संत्र्यांची पिशवी तेवढी जड झाली.

तीन आठवड्यांनी वर्षानं रोपवाटिकेतून फोटो पाठवला. सगळं बी नाही उगवलं, पण जी रोपं आहेत त्यांची पानं कोरी आहेत. घरी बसून मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला, विचारू नका.

आता वाटणी. गेल्या वर्षी माझ्याकडून बी नेलेल्यांनी ते चुलीत टाकावं, रुसू नये. नवी रोपं सगळी सुशीच्या मळ्यात जातील. झारी वर्षाकडे राहील. सुशीला हात फिरवायला मांजर आहे. पुढचं बी निरोगी झाडांचंच, ते मागतील त्यांना. पहिलं पिकलेलं टमाटर मात्र कुणी मागू नये. ते अर्धं सुशीचं, अर्धं माझं. मीठ मी नेते.