डायलॉग पाठ असणाऱ्यांनी आज तोंड मिटलं

मंडळी, आज दुपारी माझ्या लेकीने आम्हा मोठ्यांना चक्क गप्प बसवलं.

कॅनडात, व्हिटबीतल्या आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही मराठी शेजारी महिन्यातून एकदा जमतो. ज्याची पाळी, त्याचा आवडता सिनेमा. आज माझी पाळी होती. मी लग्नघरात घडणारा एक जुना मराठी विनोदी सिनेमा लावला. शेजारच्या देशपांडे काकांना आणि मला तो तोंडपाठ आहे. त्यामुळे नटाने तोंड उघडायच्या आत आम्हीच वाक्य म्हणायचो आणि हसत सुटायचो.

मध्येच वाद पेटला. काका म्हणाले, "खरी मजा कथेत आहे."

मी म्हटलं, "छे हो काका, सगळी मजा टायमिंगची!"

तेवढ्यात चौदा वर्षांच्या इराने सिनेमा पॉज केला. "आई, तुम्ही जोकच्या आधीच हसता. आय हॅवन्ट हर्ड अ सिंगल लाइन!"

खरंच होतं. आणि वर मीच कुरकुरत असते, की ही मराठी सिनेमाला बसत नाही म्हणून!

तोच प्रसंग पुन्हा लावला. आम्ही ओठ घट्ट मिटून बसलो. इरा एकदम खो खो हसली, तेही आम्ही कधीच हसलो नव्हतो अशा जागी. पडद्यावर मागे कोपऱ्यात लग्नाचा आचारी गुपचूप लाडू खात होता.

काका चष्मा पुसत म्हणाले, "अगं, हा इथे कधीपासून आहे?"

"ऑलवेज, आजोबा!"

पुढच्या महिन्याची पाळी इराने मागून घेतली आहे.

तुमचा तोंडपाठ सिनेमा तुम्ही गप्प बसून शेवटचा कधी पाहिलात? आमचा आचारी तर इतकी वर्षं आमच्यासमोरच लाडू खात होता.