नवरदेव उना; हसा

मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर आईने एक छंद लावून घेतला. नामपूरला माझ्या मामीकडे, म्हणजे तिच्या वहिनीकडे जायचं आणि तिथल्या बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड करायची. फायलींना नावंही ती वाक्यंच्या वाक्यं द्यायची, विरामचिन्हांसकट.

फायली मोबाइलवर पाठवायला फार जड होत्या. म्हणून एका रविवारी सकाळी, पंचवटीतल्या आमच्या घरी, मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एकेक फाइल घ्यायची, तिच्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं लावायची आणि लहान करणारी कमांड चालवायची. चार फायली झाल्या आणि पाचवीला गाडी अडली. तिचं नाव होतं : वहिनी म्हणते "नवरदेव उना; हसा बाई" आणि सगळ्या हसल्या. ‘उना’ म्हणजे तिकडच्या बोलीत ‘आला’.

स्क्रीनवर आलं, ‘हसा’ नावाची कमांड सापडली नाही.

मी आईला हाक मारली. तिने चष्मा लावून वाचलं आणि खुर्चीतच बसली. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं.

"आई, नावातली चिन्हं काढून टाकू का?"

"मुळीच नाही. वहिनी तसंच बोलली आहे."

"अगं, आतलं चिन्ह दिसलं की कॉम्प्युटरला वाटतं नाव संपलं. मग अर्धविरामाच्या पुढचं तो नवी कमांड समजतो."

"मग बाहेर एकेरी लाव. आत दुहेरी, बाहेर एकेरी. सातवीच्या पोरांना कळायचं."

मी बाहेर एकेरी लावलं. नवरदेव सुखरूप पार पडला. आई टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात गेली आणि तेवढ्यात बारावी फाइल अडली. तिच्या नावात एकेरी चिन्हसुद्धा होतं.

"तुझा नियम हरला," मी ओरडून सांगितलं.

"मग तुझा काढ."

मग मी हाताने चिन्हं जोडणं सोडलं. कुठलंही नाव कमांड चालवणाऱ्या शेलसाठी नीट बांधून देणारं तयार फंक्शन प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच होतं, तेच वापरलं. एकेक नाव जसंच्या तसं सरकू लागलं. मी प्रत्येक मोठ्याने वाचत होते, आई पोळी लाटता लाटता त्या गाण्याची पहिली ओळ म्हणत होती, आणि शेवटी शेवटी आम्हाला दोघींना कशाचंही हसू येत होतं.

दुपारी सगळी गाणी मामीला पाठवली. थोड्या वेळाने तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"आम्ही इतक्या बेसूर गातो?" मामीने विचारलं.

"हो," आई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत येते."