उत्तरसूचीत नसलेलं उत्तर

हॉलमध्ये तिला सगळे ‘तंतोतंत ताई’ म्हणत. थट्टेनं म्हणत, पण त्यात धाकही होता. मुलांच्या वाचनाची जी मोठी चाचणी दरवर्षी होई, तिच्या लाखो उत्तरपत्रिका तिथल्या लांबलचक टेबलांवर तपासल्या जात. प्रत्येक गठ्ठ्यात तज्ज्ञांनी आधीच तपासलेल्या काही पत्रिकांच्या, गुण न लिहिलेल्या प्रती गुपचूप मिसळलेल्या असत. तपासनिसाचे गुण तज्ज्ञांशी तीनदा जुळले नाहीत, की त्याला घरचा रस्ता. ताईचा एकोणीस वर्षांत एकही गुण इकडचा तिकडे झाला नव्हता. नवरा गेल्यापासून तिला मिरवायला तेवढंच उरलं होतं, आणि ते ती मिरवत असे.

यंदाच्या प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी फाटे फोडले.

“मूल नुसता कागद वाचत नाही. आपलं घर बरोबर घेऊन वाचतं. ते कसं मोजणार?”

चाचणीच्या प्रमुख बाई हसल्या. “सर, लाखो मुलांना लाखो फूटपट्ट्या कुठून आणू? कागदावरचं कळलं का, एवढंच आपण बघायचं.”

ताईला ते सोळा आणे पटलं. म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नसतो, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

उतारा साधाच होता. आजोबा दार उघडं टाकून नातीचं औषध आणायला धावत निघतात. दार उघडं का टाकलं? सूचीतलं उत्तर: घाईत होते म्हणून. तिसऱ्या दिवशी एका पत्रिकेत तिला दिसलं, ‘कुणी परत यायचं असेल म्हणून.’ तिनं शून्य दिलं. थोड्या वेळानं, ‘बाबा आले तर?’ शून्य. कॉपी असावी असं तिला वाटलं, पण शाळा वेगळ्या, अक्षरं वेगळी. मग आलं, ‘आई आली तर तिला हाक मारायला लागू नये म्हणून.’

तिचा पेन थांबला. लहानपणी तिचे वडील कामासाठी दूर असत, आणि आई दिवे लागले तरी दाराला कडी घालत नसे. त्या वयात तिनंही हेच लिहिलं असतं. या पोरांना वाचता येत होतं, चांगलं येत होतं, आणि तिच्या शून्यांनी ती कच्च्यांच्या वर्गात जाऊन बसणार होती. तिनं आधीची शून्यं खोडून पूर्ण गुण दिले. पुढे अशी उत्तरं आली, त्यांनाही दिले.

चार वाजता पर्यवेक्षक आला. तिच्या हाताखाली काम शिकलेला.

“ताई, तीन पत्रिका जुळल्या नाहीत. तुमच्या! काहीतरी घोळ आहे.”

“घोळ नाही. मुद्दाम दिलेत.”

तो खुर्ची ओढून बसला. “मग मला तुम्हाला उठवावं लागेल हो. आणि हा गठ्ठा दुसऱ्याकडे जाणार. तो शून्यच देणार. काय मिळवलंत?”

“या मुलांना वाचता येतं, एवढं कुठेतरी लिहून ठेव.”

“कुठे लिहू, ताई? तसा रकाना नाही.”

तिनं पेनाला टोपण लावलं. मग हळूच विचारलं, “मागच्या वर्षांचे पेपर बघायला मिळतील? मी तपासलेले?”

“ते वर्षभरात नष्ट करतो आपण. का?”

एकोणीस वर्षांत तिचा पेन याआधी कधी थांबला नव्हता. किती पोरांच्या उत्तरांवर तिनं न थांबता शून्य ओढलं असेल, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. ताईला आपल्या लौकिकाची लाज वाटली, आणि भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, ती रडली.