तोकड्या बोटाचा चाकू

चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या मानियागो गावाच्या चौकात दर उन्हाळ्यात चाकूंचा बाजार भरतो. त्या वर्षी नीवेसने टेबलासाठी अर्ज केला, तेव्हा 'जागा कोणती हवी' या रकान्यात तिने लिहिलं, एर्मेसच्या दुकानासमोरची. बाकी कसलीच अट नव्हती.

नीवेस तेव्हा बासष्ट वर्षांची होती. त्यांतली एकतीस वर्षं तिने एर्मेसच्या कारखान्यात घडीच्या चाकूंची जोडणी केली होती. पात्याच्या दोन्ही अंगांना ब्राँझच्या चकत्या बसवायच्या आणि स्क्रू इतकाच आवळायचा, की पातं डुलणार नाही आणि अडणारही नाही. तिने जोडलेला चाकू जोडणीच्या तक्रारीसाठी परत आल्याचं कुणाला आठवत नाही. तिथल्याच प्रेसखाली तिच्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर गेलं. महिन्याभराने ती पुन्हा कामावर हजर झाली.

पण कारखान्यातले चाकू आता तिला उघडेनात. हे चाकू बंद असताना पाठीकडून पात्याचा एक कान बाहेर डोकावतो. तर्जनीने तो दाबला की पातं झटक्यात बाहेर येतं. नीवेसचं थोटं बोट त्या कानावरून घसरायचं. म्हणून तिने जेवणाच्या सुट्ट्यांत, एका हाताने फ्रिकोचा, चीज-बटाट्याच्या धिरड्याचा, तुकडा तोंडात टाकत, भंगारातल्या पात्यापासून स्वतःसाठी एक चाकू घडवला. कान उंच ठेवला, त्यावर कानशीने टोकदार दाते पाडले, आणि बोट टेकायला मुठीत एक आखूड खाच कोरली. चाकू फार देखणा झाला.

"दोन दिवस बघायला नेतो गं," एर्मेस म्हणाला.

सहा महिन्यांनी तो चाकू एर्मेसचं नाव लेवून बाजारात आला. नीवेस जाब विचारायला गेली, तर तो सगळ्यांदेखत हसला. "अगं, जोडणीवाल्या बाईनं कधी चाकू घडवलाय का? उद्या बटणं लावणारी म्हणेल, सूट मी शिवला!"

सगळे हसले. नीवेस आपल्या टेबलाशी येऊन बसली.

आठवड्याभरात तिला एक गोष्ट दिसली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक चाकू चार-पाच वेळा उघडायचं आणि दुखरं बोट चोखायचं. एर्मेसने नक्कल हुबेहूब केली होती, कानाच्या उंचीसकट, दात्यांसकट. थोट्या, बधिर बोटासाठी केलेले ते दाते धडधाकट बोटाला चावत होते. एर्मेसला मात्र ते जाणवत नव्हतं. उमेदीची वर्षं सहाणेच्या चाकावर गेल्यामुळे त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. तो चकत्या बदलायचा, तेल बदलायचा आणि शेवटी तिच्याकडे यायचा. "लोक बोटाची तक्रार करतात. कशानं गं होत असेल?"

"मला काय कळतंय, मालक? मी आपली जोडणीवाली."

हे वाक्य तिने नऊ वर्षं चवीने वापरलं.

निवृत्त झाल्यावर तिने गॅरेजात तोच चाकू पुन्हा करायला घेतला, या वेळी सगळ्यांच्या बोटांसाठी. कान निम्म्याने उतरवला, दाते घासून बोथट केले. बंद पात्याला धरून ठेवणारी पोलादी गोळी ज्या खळग्यात बसते, तो तिने स्वतःच्या जोराच्या हिशेबाने खोल ठेवला होता; आता उथळ केला. चकत्या घासून आरशासारख्या केल्या, मुठीतली खाच लांबवली, मुठीच्या कडा गोल केल्या.

बाजारात तिने टेबलावर दोनच चाकू मांडले, एर्मेसचा आणि आपला. "दोन्ही दहा-दहा वेळा उघडून बघा," एवढंच ती म्हणे. एर्मेसचा चाकू सहाव्या-सातव्या खेपेलाच लोक खाली ठेवत. दुपारपर्यंत समोर, एर्मेसने दुकानाबाहेर मांडलेल्या टेबलापुढची गर्दी तिच्याकडे आली.

एर्मेस बाजार समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनाच, ओलीवोंना, घेऊन आला. "काका, उठवा हिला! माझा चाकू चोरलाय हिनं."

नक्कल ठरली, तर टेबल तिथल्या तिथे उठवायचं आणि पुन्हा कधीच द्यायचं नाही, असा नियम होता. त्या गावात याचा अर्थ चोर असा होतो.

"काका, त्यांना एकच विचारा," नीवेस म्हणाली. "त्यांच्या चाकूच्या मुठीतली ही खाच कुणाच्या बोटावर बेतलीय?"

"माझ्या! आणखी कुणाच्या?" एर्मेस ओरडला.

"ठेव बघू मग," ओलीवो म्हणाले.

एर्मेसने बोट ठेवलं. पेरभर बाहेर राहिलं. त्याने ते तिरकं करून पाहिलं, वाकवून पाहिलं.

"कापून घे की थोडं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि चौक हसला.

नीवेसने आपलं बोट ठेवलं. खाचेत तसूभरही जागा उरली नाही.

ओलीवोंनी दोघांची बोटं पाहिली, चष्मा काढला. "टेबल उठव, एर्मेस."

"हिचं ना?"

"तुझं."

सामान आवरून झाल्यावर एर्मेस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "नऊ वर्षं ठाऊक होतं तुला. तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"तर तू चाकू सुधारला असतास," नीवेस म्हणाली. त्याला अरे-तुरे करण्याची तिची ती पहिलीच वेळ.

त्याने नव्या चाकूकडे हात केला. "बघू तरी."

तिने चाकू मिटला आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

"किती दिवसांसाठी? दोन?"